विक्रीला नसलेली लाँड्री

छकुलीचं कॉलेज यादीत नव्हतं. यादी होती एका बड्या वित्तसंस्थेच्या वेबसाइटवर. सुट्टीत इंटर्नशिप करायची इच्छा असणाऱ्यांनी तिथे अर्ज भरायचा होता आणि अर्जातला पहिलाच रकाना होता, 'आपले महाविद्यालय निवडा'. छकुलीने बोट दुखेपर्यंत यादी खाली सरकवली. मासे पाळायला शिकवणारं कॉलेज त्यात होतं, नुसतं गायन शिकवणारं होतं, एकाच नावाची दोन होती. तिचं मात्र नव्हतं. छकुली हे अर्थातच तिचं खरं नाव नव्हे. खरं नाव गुणपत्रिकेवर होतं आणि तिथेच राहत असे. बाकी तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळ्या बिल्डिंगला ती छकुलीच होती आणि वयाची वीस वर्षं उलटली तरी यात बदल व्हावा असं कुणालाही वाटत नव्हतं.

कॉलेज यादीत नसल्याचं तिला वाईट वाटलं, पण नवल वाटलं नाही. ते एका फर्निचरच्या शोरूमच्या वर, दुसऱ्या मजल्यावर होतं आणि वर जायचा रस्ता सोफ्यांमधून होता. परीक्षेच्या दिवसांत मुलं त्या सोफ्यांवर बसून वाचत आणि गिऱ्हाईक आलं की मालक त्यांना पुढच्या सोफ्यावर हलवत असे. बाहेरची पाटी शोरूमची होती. कॉलेजची पाटी तिच्या आडोशाला सुखाने राहत होती.

छकुलीने शेवटी 'इतर' हा पर्याय निवडला. लगेच लाल अक्षरांत सूचना उमटली, की महाविद्यालय अस्तित्वात असल्याचा दाखला जोडावा.

कॉलेजच्या हेडक्लार्कांनी आपल्या नोकरीत नाना तऱ्हेचे दाखले दिले होते. हा मात्र त्यांनी कधी ऐकला नव्हता. "कॉलेज आहे, म्हणून तर तू माझ्यासमोर उभी आहेस," ते म्हणाले. आपण उभ्या आहोत हे त्या लोकांना तिकडून दिसत नाही, असं छकुलीने नम्रपणे सांगितलं. हेडक्लार्कांना ते पटलं, पण त्यांच्याकडे अशा दाखल्याचा नमुना नव्हता आणि नमुन्याशिवाय त्यांनी आजवर एक ओळही टाइप केली नव्हती. प्रकरण प्राचार्यांकडे गेलं. प्राचार्यांना वाटलं, कॉलेज अस्तित्वात नसल्याची कुणीतरी वर तक्रार केलीय. त्यांनी घाबरून दोन दिवस रजाच टाकली. ते परत आल्यावर हेडक्लार्कांनी चांगल्या वर्तणुकीच्या दाखल्याचा नमुना काढला आणि त्यातच जमेल तसे फेरफार केले. 'दाखला देण्यात येतो की, सदर महाविद्यालय अस्तित्वात असून, माझ्या माहितीप्रमाणे त्याची वर्तणूक चांगली आहे.' खाली सही, शिक्का आणि जावक क्रमांक होता.

आश्चर्य म्हणजे तो दाखला चालला. तो वाचून त्या संस्थेत कुणीतरी हसलं असावं आणि हसता हसता बाकीचा अर्जही वाचून गेलं असावं, असा छकुलीचा अंदाज होता. काही असो, एका सकाळी मेल आला. मुलाखत पुढच्या आठवड्यात, घरूनच, व्हिडिओवर. सोबत एक काम दिलं होतं. उमेदवाराने कुठल्याही एका छोट्या, प्रत्यक्ष पाहिलेल्या धंद्याची किंमत काढायची आणि तो धंदा विकत घ्यावा की नाही, हे कारणांसकट सांगायचं. इंटरनेटवरून उतरवलेलं चालणार नाही, असं ठळक अक्षरांत बजावलं होतं.

छकुलीने हा मेल फक्त आईला दाखवला. आईने तो फक्त बाबांना सांगितला. बाबा पाणीपुरवठा खात्यात होते, त्यामुळे एखादी गोष्ट वरून सोडली की ती सगळीकडे पोचलीच पाहिजे, हा त्यांचा स्वभाव बनला होता. संध्याकाळपर्यंत वरच्या मजल्यावरचे मॅनेजरकाका दारात हजर झाले. मॅनेजरकाका बँकेतून निवृत्त झाले होते, पण बँक त्यांच्यातून निवृत्त व्हायला तयार नव्हती. कुणी मीठ मागायला गेलं तरी ते आधी कशाला हवं ते विचारत. त्यांच्या पाठोपाठ समोरच्या विमाकाकू आल्या. त्यांनी बिल्डिंगमधल्या प्रत्येकाचा विमा उतरवला होता आणि त्यामुळे प्रत्येकाच्या तब्येतीची त्यांना मनापासून काळजी होती.

पहिला सल्ला कपड्यांचा. वित्तसंस्थेसमोर ब्लेझर हवाच, यावर एकमत झालं. छकुलीकडे ब्लेझर नव्हता. विमाकाकूंकडे होता, एका परिषदेत घातलेला, काळा, आणि छकुलीला खांद्यांत चांगलाच सैल. मुलाखत घेणाऱ्यांना खांदे एवढे निरखून बघायची सवय नसते, असं काकूंनी अधिकाराने सांगितलं आणि त्याच पावली तो ब्लेझर इस्त्रीला गेला. दुसरा सल्ला मॅनेजरकाकांचा. ते म्हणाले की सगळी पोरं हॉटेलं आणि कॅफे घेऊन बसतील, तू खिडकीतून दिसेल तेवढंच घे, म्हणजे कुणी काही विचारलं तरी वाकून बघता येईल. हा सल्ला चक्क चांगला होता. छकुलीने खिडकीतून वाकून पाहिलं. खाली लाँड्री होती.

लाँड्रीवाला म्हणजे सरळ माणूस. एक वाफेची इस्त्री, एक साधी इस्त्री, लांबलचक टेबल आणि मागे गठ्ठ्यांची फळी, एवढा त्याचा संसार. दुसऱ्या दिवशी छकुली कागद-पेन घेऊन तिथे गेली आणि रोज कपडे किती येतात, भाडं काय, वीज किती लागते, कुठल्या महिन्यात काम कमी असतं, असं एकेक विचारू लागली. लाँड्रीवाल्याला आधी वाटलं, ही कर खात्याकडून आली असावी. म्हणून त्याने सगळे आकडे निम्मे सांगितले. छकुलीला त्याचा चेहरा वाचता आला. खरं काय ते मोकळेपणी सांगितलेलं बरं, म्हणून ती म्हणाली, "काका, घाबरू नका. मी तुमच्या धंद्याची किंमत काढतेय."

"कुणासाठी?"

"एक कंपनी आहे. मोठी आहे. त्यांना सांगायचंय, विकत घ्यावी की नाही ते."

यात एकही शब्द खोटा नव्हता. पण लाँड्रीवाल्याने उभ्या जन्मात असा माणूस पाहिला नव्हता, जो काही घ्यायचं नसताना नुसती किंमत काढत बसतो. भाजी घ्यायची नसेल तर तो स्वतः भाजीवाल्याकडे बघतही नसे. त्याने इस्त्री बाजूला ठेवली, हात पुसले, छकुलीला बसायला स्टूल दिलं आणि सगळे आकडे पुन्हा सांगितले. ते या खेपेला दुप्पट होते. छकुलीने अक्कलहुशारीने दोन्हींचा मध्य काढला आणि आपण बाजारातलं पहिलं वहिलं संशोधन केलं, या समाधानात ती घरी आली.

त्या दिवसापासून लाँड्रीचा नूर बदलला. लाँड्रीवाला स्वतः कडक इस्त्रीचा शर्ट घालून उभा राहू लागला, जे त्याने आजवर कधी केलं नव्हतं. दाराशी फुलझाडाची कुंडी आली. "कपडे केव्हा मिळतील?" असं कुणी विचारलं की तो दूर कुठेतरी बघत म्हणायचा, "आता सगळं कंपनीवर आहे." मॅनेजरकाका खाली जाऊन त्याच्याशी बराच वेळ बोलून आले आणि वर येऊन त्यांनी बाबांना गंभीरपणे सांगितलं, की व्यवहार नाजूक टप्प्यावर आहे. कुठला व्यवहार, हे बाबांनी विचारलं नाही. व्यवहार नाजूक टप्प्यावर असताना असले प्रश्न विचारायचे नसतात, एवढं त्यांना नोकरीने शिकवलं होतं.

खरी पंचाईत पुढेच झाली. मॅनेजरकाकांनी लाँड्रीवाल्याच्या मनावर ठसवलं होतं, की कंपनीचा माणूस कधीही पाहणीला येईल आणि तो आला तर दुकान भरलेलं दिसलं पाहिजे. रिकामी फळी म्हणजे रिकामा धंदा. लाँड्रीवाल्याने हा मंत्र पाठ केला आणि कपडे परत देणंच बंद केलं. येणारा कपडा घ्यायचा, झक्क इस्त्री करायची आणि फळीवर रचायचा. फळी भरली. टेबलाखालची जागा भरली. दर्शनी भागात रंगसंगती साधून शर्टांची भिंत उभी राहिली. दुकान खरोखर बघण्यासारखं दिसू लागलं आणि बिल्डिंगमधली माणसं बघवेनाशी झाली.

बाबा एक दिवस ऑफिसात चुरगळलेल्या शर्टावर जाड लोकरी कोट चढवून गेले आणि घामाने निथळत घरी आले. विमाकाकू गिऱ्हाइकांकडे बागकामाच्या पोशाखात जाऊ लागल्या. गिऱ्हाइकांना काकूंनाच वाईट दिवस आल्यासारखं वाटून दोघांनी दयेपोटी विमा उतरवला, ही गोष्ट वेगळी. स्वतः मॅनेजरकाका, ज्यांना कुणी कधी पँटशिवाय पाहिलं नव्हतं, ते चट्टेरीपट्टेरी हाफपँटीत जिन्यात दिसले. पण सल्ला त्यांचाच असल्यामुळे त्यांना तक्रारीला तोंड नव्हतं.

हे सगळं आपल्यामुळे चाललंय, हे छकुलीला कळलं तेव्हा तिच्या पायाखालची जमीन सरकली. ती धावत खाली गेली आणि लाँड्रीवाल्याला समजावून सांगू लागली, की हा नुसता अभ्यास आहे, कुणी काही विकत घेत नाहीये, लाँड्री कुणाला हवी नाहीये. लाँड्रीवाला शांतपणे ऐकत होता. तिचं संपल्यावर त्याने एक डोळा बारीक केला.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "सौदा होईपर्यंत असंच बोलायचं असतं. मॅनेजरसाहेबांनी सांगितलंय मला."

आता सांगा, काय करणार? खरं बोलणाऱ्या माणसाला खोटं ठरवता येतं, पण खरं बोलणाऱ्याला हुशार ठरवलं की त्याचा काही इलाज राहत नाही. छकुलीने ब्लेझर तरी द्या म्हणून विनवलं. तो शर्टांच्या भिंतीच्या मधोमध लावला होता. तो काढला तर भिंत कोसळेल, असं लाँड्रीवाल्याचं म्हणणं पडलं. मुलाखतीच्या दिवशी स्वतः आणून देईन, असं त्याने कबूल केलं आणि छकुली वर येऊन पलंगावर पडून रडली. यादीत असलेल्या कॉलेजातल्या मुलांना त्यांचे शिक्षक सराव देत असतील, त्यांच्या वडलांचे मित्र अशा संस्थांमध्ये बसलेले असतील आणि आपली मात्र सगळी तयारी ब्लेझर कसा सुटेल इथवर येऊन अडकली, याचं तिला फार वाईट वाटलं. ही इंटर्नशिप हुकली तर पुन्हा कुणी तिच्यासाठी 'इतर'मध्ये डोकावणार नव्हतं. आईने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि रडून झाल्यावर ते आकडे पुन्हा एकदा तपास, एवढंच सांगितलं.

छकुलीने तपासले. तपासता तपासता तिला एक गोष्ट लख्ख दिसली, आणि ती लाँड्रीवाल्याच्या बाजूची नव्हती.

मुलाखतीच्या सकाळी बाबांनी बिल्डिंगचा पाण्याचा पंप बंद ठेवला, लिफ्ट थांबवली आणि जिन्यात 'शांतता राखा' असा कागद चिकटवला. छकुली लॅपटॉपसमोर बसली. लाँड्रीवाला शब्दाला जागला. बरोब्बर वेळेवर तो ब्लेझर हातावर घेऊन आला, छकुलीच्या अंगावर त्याने तो स्वतः नीट बसवला आणि मग परत न जाता लॅपटॉपच्या मागच्या खुर्चीत बसला. आपल्या लाँड्रीचा फैसला होताना आपण नसावं, हे त्याला पटण्यासारखं नव्हतं. त्याच्या शेजारी मॅनेजरकाका बसले, कारण लाँड्रीवाल्याला सल्लागार हवा होता. विमाकाकू ब्लेझरसाठी आल्या होत्या. बाबा दाराला पाठ लावून उभे राहिले आणि आई आत जायचं ठरवून बाहेरच थांबली. छकुलीने सगळ्यांकडे हात जोडून बघितलं, तेवढ्यात पडद्यावर माणसं आली.

एक प्रौढ मॅडम होत्या आणि एक तरुण साहेब. साहेबांनी छकुलीला तिच्या गुणपत्रिकेवरच्या नावाने हाक मारली. ती आपल्याला आहे हे कळायला तिला क्षणभर लागलं. मग ते कागद चाळत म्हणाले की हे कॉलेज आपण कधी ऐकलं नाही, ते नक्की आहे कुठे. छकुली सांगणार, तेवढ्यात बाबांचा हात बाजूने पडद्यात घुसला. हातात दाखल्याची प्रत होती. तो हात काही काळ तसाच स्थिर राहिला, मग अदबीने मागे गेला.

मॅडमनी तोंडावर रुमाल धरला. मग त्यांनी छकुलीने केलेल्या कामाबद्दल विचारलं. छकुलीने लाँड्री मांडली. भाडं, वीज, कपड्यांची संख्या, मंदीचे महिने, दोन्ही इस्त्र्यांची अवस्था. दोन वेळा सांगितलेल्या वेगवेगळ्या आकड्यांचा मध्य काढून भागलं नाही, म्हणून नंतर खिडकीत बसून रोज आत जाणारे गठ्ठे आपण मोजले, हेही सांगितलं. लाँड्रीवाला प्रत्येक वाक्याला मान डोलावत होता. आपल्या धंद्याबद्दल इतकं चांगलं, इतक्या बारकाईने कुणी बोलताना त्याने ऐकलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले होते.

"छान," मॅडम म्हणाल्या. "मग शेवटी काय? घ्यावी की घेऊ नये?"

खोलीत टाचणी पडली असती तरी मॅनेजरकाकांनी तिला ओरडून गप्प केलं असतं, अशी शांतता झाली. छकुलीने लॅपटॉपच्या वरून पाहिलं. लाँड्रीवाला खुर्चीच्या कडेवर आला होता. तो हसत होता. 'घ्यावी' म्हणायला काहीच लागत नव्हतं. सगळ्यांचे चेहरे फुलले असते, आणि तिला ब्लेझरसकट सुखाने जगता आलं असतं.

"घेऊ नये," छकुली म्हणाली.

लाँड्रीवाला उभा राहिला. उभा राहिला आणि तडक टेबल ओलांडून तिच्या शेजारी, कॅमेऱ्यासमोर आला.

"का पण?" त्याने विचारलं.

"हे कोण?" साहेब दचकून म्हणाले.

"हीच ती लाँड्री," छकुली म्हणाली.

मग मॅनेजरकाकाही पुढे आले. धंद्याला नाव असतं, पत असते, ती हिने धरली का, असं ते मॅडमना विचारू लागले. ते बोलताना वरून शर्ट-टाय आणि खाली चट्टेरीपट्टेरी असे पडद्यावर आपादमस्तक दिसले. विमाकाकूंनी संधी साधून साहेबांना त्यांचं वय विचारलं. बाबा सगळ्यांना मागे ओढता ओढता स्वतः मधोमध आले. आणि तेव्हा छकुली, जिचा आवाज शेजारच्या खोलीतही कधी ऐकू गेला नव्हता, ती उभी राहून म्हणाली, "गप्प बसा सगळे. काम माझं आहे, मला बोलू द्या."

सगळे गप्प बसले. मॅडमही बसल्या.

छकुली लाँड्रीवाल्याकडे वळली. पडद्याचं भान तिला राहिलं नव्हतं. "काका, तुमचा हिशोब चोख आहे, काम तर फारच चोख आहे. पण ही सगळी लाँड्री म्हणजे तुमचे दोन हात. ते हात कुणाला विकत घेता येणार नाहीत. तुम्हाला ताप आला की दुकान बंद. जागेचा करार तुमच्याकडे नाही, मालकाने उद्या जा म्हटलं की जावं लागेल. तुम्ही कपडे अडवून ठेवलेत तरी एकही गिऱ्हाईक गेलं नाही, कारण आसपास दुसरी लाँड्रीच नाही. उद्या समोर एक निघाली की संपलं. तुम्ही आहात तोवर ही सोन्यासारखी आहे. तुम्हाला वजा केलं की दोन इस्त्र्या आणि एक टेबल उरतं. त्याला कुणी पैसे द्यावेत, असं मी सांगू शकत नाही."

लाँड्रीवाल्याने ब्लेझरच्या बाहीवरची एक सुरकुती सवयीने हाताने दाबली आणि तो निघून गेला. तो गेल्याचं पाहून छकुलीला आपण फार दुष्ट आहोत असं वाटलं. मुलाखत कशीबशी संपली. मॅडम शेवटी काय म्हणाल्या, हे नंतर तिला आठवेना. विमाकाकू म्हणाल्या की साहेबांचं वय विमा उतरवायला अगदी योग्य आहे, आणि तेवढीच काय ती जमेची बाजू उरली.

त्याच दिवशी दुपारनंतर फोन आला. मॅडमचाच होता. बाकीच्या मुलांचे धंदे ऐकता ऐकता त्यांना झोप येत होती, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. आमच्याकडे मालक समोर बसलेला असतो आणि त्याच्या तोंडावर नको म्हणायचं असतं, ते कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत, असंही म्हणाल्या. छकुलीची निवड झाली होती. बाबांनी आनंदाने पंप सुरू केला आणि तो बंद करायला विसरले. गच्चीवरची टाकी भरून वाहू लागली. मॅनेजरकाकांनी जिन्यात उभं राहून, सल्ला मुळात आपलाच होता, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं.

छकुली मात्र खाली गेली. तिला माफी मागायची होती. लाँड्रीवाला एकटाच होता, शर्टांची भिंत पाडून घरोघरचे गठ्ठे वेगळे करत होता. तिने तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "ते तापाचं जे बोललीस, ते परत सांग. तिकडे मला नीट कळलं नाही. तू सगळ्यांवर ओरडत होतीस."

छकुलीने पुन्हा सांगितलं, सावकाश. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"आजारी पडलात तर दुकान कोण उघडणार, हे माझी बायकोही मला विचारते," तो म्हणाला. "ती विचारते तेव्हा भांडण होतं. तू विचारलंस तर विचार करावा लागला." मग त्याने विचारलं, "काय केलं म्हणजे तुझी कंपनी 'घ्यावी' म्हणेल?"

छकुलीला आजवर पुष्कळ प्रश्न विचारले गेले होते. परीक्षेत, तोंडी परीक्षेत, आज सकाळी मुलाखतीत. विचारणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असे. उत्तर खरोखर हवंय म्हणून तिला कुणी विचारण्याची ही पहिलीच वेळ होती. तिला एकदम फार बरं वाटलं.

"तुम्हाला विकायचीय का?" तिने विचारलं.

"छे. विकून मी करू काय?" लाँड्रीवाला म्हणाला. "पण विकत घेण्यासारखी असावी, असं वाटतं."

त्याने इस्त्रीचं बटण बंद केलं, टेबलावरचा गठ्ठा खाली ठेवून तिच्यासाठी जागा केली आणि तो ऐकायला बसला.